मेणावरचं गाणं

भरती सकाळी सहाला लागणार होती आणि मी पाचपासून मोजे घालत होते. बायकांनी मोजे आणि बूट घालायचे, ही ठाण्यात तेव्हा नवी टूम होती. म्हणजे मी आणि कोर्टातल्या एका कारकुनाची बायको, अशा दोघींचीच. राणीचं राज्य होतं, मी एकोणीस वर्षांची होते, इंग्रजी पहिलं पुस्तक अर्धं वाचून झालं होतं आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी खात्री होती. ती मुलगी आज माझी नात म्हणून समोर बसली, तर मी आधी तिचा कान धरीन.

जायचं होतं कल्याणला. आमचे हे ठाण्याच्या शाळेत मास्तर होते. कल्याणला रेल्वेतल्या एका साहेबाला मराठी शिकवायला ते दर रविवारी जायचे. त्या साहेबाच्या मडमेकडे गाणारं यंत्र आलं होतं, फोनोग्राफ. "मला ऐकायचंय" असा मी महिनाभर धोशा लावला, तेव्हा साहेबाकडून बोलावणं आलं. आगगाडी होतीच, पण सासूबाई म्हणाल्या, "डब्यात कोण कुठला मांडीला मांडी लावून बसेल! रामाची होडी मीठ घेऊन जातेच आहे, तिच्यातून जा."

रामा तांडेल (होडीचा म्होरक्या) आमच्या ओळखीचा आगरी म्हातारा. त्याने मिठाच्या गोणींवर घोंगडी अंथरून मला आणि ह्यांना बसवलं. रेल्वेच्या पुलाखालून होडी निघाली, कळव्याची मिठागरं मागे पडली. तिथल्या मिठाच्या राशींवर कोवळं ऊन असं पडलं होतं, की डोळे मिटून घ्यावे लागले. दोन्ही काठांना तिवरं (खाऱ्या चिखलात वाढणारी झाडी), मधूनच एखादा बगळा, उजव्या हाताला पारसिकचा डोंगर. डोंबिवली म्हणजे तेव्हा भातशेतं आणि चार कौलं. काठावर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास मात्र चाळीस घरांना पुरेल एवढा.

"गो बाय," रामा माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "ते काढून ठेव. बंदरान लय चिखल हाय."

"रामा, विलायती बूट आहेत हे."

"चिखलाला काय ठाव गो, विलायती का देशी?"

कल्याणच्या बंदरात उतरताना डावा बूट चिखलाने गिळला. रामाने कोपरापर्यंत हात घालून शोधला, सापडला नाही. "खाडीनं घेतला. ती काय परत द्यायची नाय," एवढं बोलून तो गोणी उतरवायला गेला. मी एका पायात बूट घालून, लुगड्याच्या घोळात दुसरा पाय लपवत, साहेबाच्या बंगल्यावर पोचले. मागून येणारे आमचे हे हसू दाबत होते, ते मला पाठीला कळत होतं.

मडमबाईंचं नाव मोराग. तांबूस केस, हाताची नखं माझ्यासारखीच कामाने झिजलेली. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं: "गुड मॉर्निंग, इंग्लिश मॅडम!" बाईंचा चेहरा असा झाला, जसा कोकणातल्या माणसाला घाटावरचा म्हटल्यावर होतो. साहेबाने समजावलं, की ते दोघे इंग्रज नव्हेत. त्यांचा मुलूख स्कॉटलंड, डोंगरांचा आणि समुद्राचा. बाईंच्या माहेरची बोली गेलिक. ती इंग्रजांच्या बापालाही कळायची नाही.

बाईंनी ओट नावाच्या धान्याची कडक भाकरी पुढे केली. त्यांच्या हातचं खायचं नाही, असं सासूबाईंनी शपथ घालून सांगितलं होतं. मी दोन खाल्ल्या. सासूबाई आता नाहीत, म्हणून लिहिते. चव शिळ्या भाकरीच्या पापुद्र्याची, वर खारट लोणी.

मग यंत्र. त्याच्या पेटीला रबरी नळ्यांच्या दोन जोड्या, त्यांची टोकं कानात घालायची. एक जोडी बाईंच्या कानात, एक माझ्या. ह्यांना आणि साहेबाला काही ऐकू येणार नव्हतं. बाईंनी मेणाची तपकिरी नळी दांड्यावर चढवली, किल्ली दिली, सुई टेकवली.

पहिल्यांदा वाजलं, ते कोणी बकऱ्याला मिठीत घेऊन सनई फुंकावी तसं. मी खुदकन हसले, बाईही हसल्या. पिशवीची सनई असते ती, त्यांच्याकडे लग्नातही वाजते नि लढाईतही. दुसरी नळी सारंगीसारख्या वाद्याची, ग्लासगो शहरातली अगदी नवी नाचाची चाल. पाय आपोआप ठेका धरायला लागला. बूटवाला एक, बिनबुटाचा एक. मी ओरडले, "वन्स मोअर!"

आता हे ठाणेकरांना सांगायला नको. संगीत नाटकांचा तो बहर होता. पद आवडलं की वन्स मोअर द्यायचा. गाणाऱ्याला तोच मान, न देणं हा अपमान. ह्यांनी मला दोन नाटकांना नेलं होतं. तिथे शिकलेली एवढी एकच गोष्ट मी बरोबर घेऊन गेले होते. बाईंनी कौतुकाने ती चाल पुन्हा लावली.

तिसरी नळी पेटीत नव्हती. न्हाणीघराच्या कोपऱ्यात ओल्या वाळूवर मडकं ठेवलं होतं, त्यातून ती आली. लोकरीच्या फडक्यात गुंडाळलेली. बाई मोडक्या मराठीत म्हणाल्या, "माय. माझी माय." त्यांच्या भावाने गावी यंत्र नेऊन आईचं गाणं मेणावर घेतलं होतं आणि यंत्रासकट बहिणीला धाडलं होतं.

म्हातारा आवाज. चार-पाच बायका भोवती बसून ओली घोंगडी फळीवर आपटतायत, त्याचा धप्प धप्प ताल. म्हातारी एक ओळ सोडते, बाकीच्या उचलतात. शब्द एक कळेल तर शपथ. पण आमच्या जात्यावर पहाटे दोघी बसतात तेव्हा हेच असतं की! गाणं दोन मिनिटांत संपलं.

"वन्स मोअर!"

बाई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी सुई मागे नेली. समोरून आमचे हे डोळे वटारत होते, हात हलवत होते. कानात नळ्या, मला वाटलं, पदर ढळला असेल. पदर सावरला आणि दर वेळी गाणं संपल्यावर पुन्हा म्हटलं, "वन्स मोअर!" दर खेपेला म्हातारी एकेक आळी पलीकडे जाऊन गातेय असं वाटत होतं. मला ती यंत्राची करामत वाटली. चौथ्यांदा नुसती वाळू चाळल्यासारखी खरखर, आणि तिच्यामागे कुठेतरी धप्प, धप्प.

बाईंनी नळी उतरवली. सुईखाली पिठीसारखा मेणाचा भुगा जमला होता. तो त्यांनी बोटाने फडक्यावर घेतला, फडक्याची घडी केली आणि घडी मडक्यात ठेवली. मला म्हणाल्या, "बरं गाणं, नाय?"

"फार छान!" मी म्हणाले. मूर्ख.

ओहोटीबरोबर होडी सुटली, तेव्हा मी ती चाल गुणगुणत होते.

"अगं, ते मेण आहे," हे म्हणाले. "सुई फिरते तेव्हा खरवडून निघतं. आधीच इथल्या उन्हाने मऊ पडलेलं. आई गेली तिची, दोन वर्षं झाली. वर्षातून एकदा, त्या दिवशी ऐकते ती. आज आपल्यासाठी एकदा लावणार होती."

"मग त्या 'नाही' का म्हणाल्या नाहीत?"

"मी साहेबाला तेच विचारलं. तो म्हणाला, पहिल्या वर्षी शेजारणींना ऐकवलं तर त्या फिदीफिदी हसल्या. तिच्या आईला पुन्हा गा म्हणणारी तूच पहिली."

"अहो, तुम्ही मला थांबवायचं नाही का?"

"पदर सावरत होतीस तू."

रामाला गोष्टीचा अर्थ कळला असावा. तो वल्ह्याने माझ्याकडचं पाणी तेवढं हळू कापू लागला.

घरी सासूबाईंनी विचारलं, "काय ऐकलंस गं?" मी म्हटलं, "काही नाही, खरखर." दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर बसले आणि खुंटा फिरवता फिरवता म्हातारीचं अख्खं गाणं माझ्या गळ्यातून आलं. शब्द म्हणजे नुसते हेल, पण चाल शेवटपर्यंत जशीच्या तशी, जिथे ती श्वास घ्यायची त्या जागांसकट. सासूबाईंचा हात थांबला. "हे कुठलं?" त्यांनी विचारलं.

तेव्हाच उठायला हवं होतं. मेणावरून गेलेलं माझ्या गळ्यात आलं होतं, आणि कल्याण एका भरतीवर होतं. रामाची होडी दर पंधरा दिवसांनी जायची. मोरागबाईंसमोर बसायचं आणि गायचं, एवढंच काम. मी आज नको, पुढच्या खेपेला, म्हणत राहिले. साहेबापुढे गाणारी बाई म्हणून लोक काय म्हणतील, हे एक कारण. दुसरं, हसू नका, माझ्याकडे बूट एकच उरला होता.

पावसाळाभर शिकवणी बंद होती. तो संपल्यावर हे कल्याणहून परत आले ते सांगत, की साहेबाची बदली झाली, बंगल्यात दुसरं बिऱ्हाड आहे. कुठे बदली, ते शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं. न्हाणीघराच्या कोपऱ्यात रिकामं मडकं तेवढं होतं म्हणे.

त्यानंतर मी काशीला गेले, रामेश्वरला गेले. पण प्रवास म्हटलं की मला आठवतो तो हा, ठाणे बंदर ते कल्याण बंदर, जाऊन येऊन एका दिवसाचा. आणि न केलेला दुसरा. माझ्या नाती त्या चालीला कल्याणचं गाणं म्हणतात. रोज दुपारी निजताना तेच हवं असतं. संपलं की दोघी पांघरुणातून ओरडतात, "आजी, वन्स मोअर!"

मी म्हणते पुन्हा. अलीकडे वरच्या सुराला आवाज फाटतो. धाकटीला म्हटलं, अगं, आता तू म्हण, मी ऐकते.