फवारणीचा शर्ट

आज शेवंतीवर औषध मारून घरी आलो, अंगातल्या शर्टाचा उग्र वास नाकात गेला आणि वीस वर्षांमागची आमची मनी आठवली.

ती मांजर तेव्हा सारखी ओकायची. त्या सकाळी तर लग्नाला जायला काढलेल्या माझ्या पांढऱ्या कपड्यांवरच ओकली. मी तिला पोत्यात घातलं.

"आरं, मुकं जनावर हाय. काय तरी पोटात गेलं आसंल," आई म्हणाली.

"काय गेलं? माझा शर्ट?" मी मोठा शहाणा! मोटरसायकलवरून नेऊन यवतच्या एका ढाब्यामागं तिला सोडलं. वर म्हणालो, "खा आता रोज मटण."

घरी आलो तर ओसरीच्या कोपऱ्यात, मीच नेहमीसारखा फेकलेला फवारणीचा शर्ट. त्यावर मनीचे केस आणि तिच्या अंगाएवढा गोल खळगा. माझा वास म्हणून रोज त्यावरच निजायची आणि उठून ते औषध लागलेलं अंग चाटायची.

तसाच माघारी पळालो. "मने, मने" करत हायवेच्या कडेनं हिंडलो. ढाब्यावरची माणसं हसत होती. मनी काही सापडली नाही.

आता घरात मांजर नाही. तरी फवारणीचा शर्ट मी उंच खुंटीलाच टांगतो.