सणापुरती स्वयंपाकीण

दीपमाला ताकसांडे हिला स्वयंपाक येतो, याविषयी त्या रुग्णालयात कधीच मतभेद नव्हता. तो तिने कोणत्या दिवशी करावा, एवढाच प्रश्न होता.

रुग्णालय खाजगी, वर्ध्याच्या वेशीवरचे. दीपमाला पुलगावहून एसटीने येते. आयटीआयमध्ये तिने स्वयंपाकाचे रीतसर शिक्षण घेतले होते. नेमणूक मात्र ट्रॉलीवर झाली. दुसऱ्यांनी शिजवलेले वॉर्डात न्यायचे आणि उष्टी ताटे परत आणायची. शेगडीपाशी मुख्य स्वयंपाकी महादेवराव आणि त्यांचे जुने सहकारी बंडूजी. महादेवराव केळझरकडच्या शेतकरी घरातले, स्वभावाने सौम्य. दीपमालाचा त्यांनी कधी अपमान केला नाही. तिच्या मुलीच्या निकालाचे पेढे त्यांनी दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले आणि घरी नेतो म्हणून कागदात बांधून ठेवले. ते घरी पोचले का, हे विचारण्याइतकी ती असभ्य नव्हती.

दीपमाला बौद्ध, छप्पन्न साली तिच्या आजोबांनी नागपुरात दीक्षा घेतली होती. महादेवरावांच्या म्हणण्यानुसार ते स्वतः काही मानत नसत, रुग्णांचे नातेवाईक मानत. अन्न कोणी शिजवले असे विचारणारा नातेवाईक मात्र आजवर कोणाला भेटलेला नव्हता.

पोळ्याला आणि दिवाळीला दोघे स्वयंपाकी गावी जात आणि झारा दीपमालाच्या हाती येई. त्या दिवशी ताटांत कमी उरत असे. ताटे गोळा करणारीही तीच असल्याने हे तिला ठाऊक होते. दसरा तेवढा अपवाद होता. त्या दिवशी ती दीक्षाभूमीला जाई आणि एकटे राहणारे बंडूजी स्वयंपाकघर सांभाळत.

यंदा बंडूजी निवृत्त झाले आणि दीपमालाने त्यांची जागा मागितली. आधी ती महादेवरावांशी बोलली.

“सणाले माह्या हातचं चालते काकाजी, मंग बाकी दिवस काऊन नाई?”

महादेवरावांनी भाजीवरचे झाकण उगाच उचलून पाहिले. “अडचणीले सारंच चालते, बाई. अडचणीची काई रीत नसते.”

याच सुमारास व्यवस्थापनाने पुण्याहून आकांक्षा नावाच्या सल्लागार बाईंना बोलावले होते. कर्मचाऱ्यांतील विविधता आणि कामातील समाधान यांचा संबंध त्यांना तपासायचा होता. स्वयंपाकघर त्यांना सर्वांत विविध आणि सर्वांत समाधानी आढळले. कारण विचारता महादेवराव म्हणाले की इथे कोणाच्या सुट्ट्या कोणाला आड येत नाहीत. बाईंना हे फार आवडले. एका माणसाची अडचण दुसऱ्याच्या श्रद्धेने सुटावी, याहून सुंदर सहजीवन कोणते?

त्यांच्या शिफारशीनुसार निर्णय झाला. बंडूजींची जागा महादेवरावांचा पुतण्या धनंजय याला मिळाली. दीपमालाला ‘सण स्वयंपाकप्रमुख’ हे नवे पद मिळाले. पांढरी टोपी घालून तिचे छायाचित्र काढले गेले आणि ते प्रवेशद्वाराशी लागले. कालपर्यंतची सोय आता धोरण झाली होती. उरलेल्या दिवसांत ट्रॉली होतीच.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी तिने प्रशासक ओमप्रकाश यांना सांगितले की ती त्या दिवशी येणार नाही. त्यांनी मान डोलावली. सण हिंदूंचा असताना ही का नकार देते, हे त्यांना उमगले नाही, आणि विचारणे त्यांना संकोचाचे वाटले. महादेवरावांना कारण माहीत होते. पण इतकी वर्षे जी नमत आली ती नव्या पदानंतर जास्तच नमेल, अशा भरवशावर ते पुतण्यासह गावी गेले. दीपमाला नागपूरला गेली.

सकाळी शेगडी पेटली नाही. ओमप्रकाशांनी समोरच्या टपरीवरून तर्री-पोहे मागवले. मीठ वर्ज्य असलेल्या रुग्णांनाही ते मिळाले, आणि त्यांनी ते पुन्हा मागितले.

चौकशीत दीपमालाने एवढेच सांगितले की तो सण तिचाही आहे, आणि यापुढे शेगडी बारा महिने द्यायची, नाहीतर एक दिवसही नको. व्यवस्थापनाने या उत्तराचा गंभीरपणे विचार केला. रुग्णालयातील विविधता अजून अपुरी आहे, दसरा कोणत्याही अर्थाने न पाळणारा एक माणूस भरला पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. आकांक्षाबाईंनी आपला अहवाल दुरुस्त केला: विविधता एका मर्यादेपलीकडे गेली की समाधान घटते. माणसे तीच होती. फक्त एकीने आपलीही सुट्टी मोजायला लावली होती.

तसा माणूस मिळण्याआधी दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी महादेवराव आणि धनंजय गावी न जाता शेगडीपाशी होते. दीपमाला नेहमीच्या वेळी आली आणि ट्रॉलीवर ताटे मांडू लागली. महादेवरावांनी वरण वाढता वाढता, तिच्याकडे न पाहता म्हटले,

“आता तुयं समाधान झालं असन.”

“नाई काकाजी,” ती म्हणाली. “मले सयपाक करायचा होता.”

महादेवरावांनी पुढच्या ताटासाठी हात पुढे केला. तिने ते दिले.