भिंतीला चिकटवलेले दहा शेअर

वडील मुरबाडच्या शाळेत मास्तर होते आणि आमच्या आळीत शेअर घेतलेला माणूस तेवढाच एक. मला पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात जायचं होतं, त्यासाठी त्यांनी मुंबईच्या एका कापडगिरणीचे दहा शेअर घेऊन ठेवले होते.

कागद घरी आला तेव्हा आईने तो उलटासुलटा करून पाहिला. ती टोकावड्याकडची, शेतकऱ्याची लेक. "शेअरामागं धा रुपये छापलेत, मग तुमी जास्त कसे दिलेत? कोणीतरी फसवला तुमाला!"

वडिलांना शिकवायला कोणीही चालायचं. त्यांनी तिथेच वर्ग भरवला. छापलेली ती दर्शनी किंमत. गिऱ्हाईक देईल तो बाजारभाव. "अगो, कणगीतला भात तोच, पण मळणीला भाव वेगळा नि श्रावणात वेगळा. नाय का?" लाभांश म्हणजे झाड न तोडता मिळणारे आंबे, आणि मोहर जळला तर त्या वर्षी काही नाही. दलाल मात्र आईला शिकवावा लागला नाही. म्हसा गावच्या जत्रेत उपरण्याखाली बोटं दाबून बैलांचा सौदा जमवणारे दलाल तिने लहानपणापासून पाहिले होते. आठवड्याभरात ती वांगीवालीला ऐकवू लागली, "तुझी दर्शनी किंमत ऱ्हाऊ दे, बाजारभाव सांग!" काय हसायचो आम्ही! ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

एकच गोष्ट वडील शिकवायला विसरले. शेअर विकताना तो कागदच द्यावा लागतो.

दिवाळीत आईने देवांची भिंत सारवली आणि कागद तांदळाच्या खळीने तिथे चिकटवला, वर हळदकुंकू. घरात आलेली लक्ष्मी पेटीत कोंडणं तिला पटत नव्हतं. वडिलांनी पाहिलं आणि हसून सोडून दिलं. "उंदरांपासून तरी वाचला, लागेल तेव्हा ओला करून काढू," म्हणाले.

पुढे दुसरं महायुद्ध सुरू झालं, गिरणीचा भाव चढला आणि त्याच सुमारास मला कॉलेजात जागा मिळाली. वडील ओलं फडकं घेऊन भिंतीशी बसले. कागद मातीसकट सुटला, तोही तुकड्यातुकड्यांनी. नंबर कुठला आणि सही कुठली, काही कळेना. मुंबईच्या दलालाने हात वर केले. नव्या कागदासाठी अर्ज, हमीपत्रं, हेलपाटे, यात कित्येक महिने गेले. तेवढ्यात युद्ध आपल्या दारी येतंय अशी आवई उठली आणि भाव कोसळला. नवा कागद हातात आला तेव्हा त्यातून माझा निम्मा खर्चही निघत नव्हता. जागा तर भाव कोसळला तेव्हाच गेली होती.

पुढच्या वर्षी वडिलांनी शिकवण्या करून मला पाठवलं, मी मास्तरीण झाले. पण जागा गेल्याचं कळलं ती संध्याकाळ माझ्या मनातून जात नाही. आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. मान वर न करता तिने विचारलं, "माझ्यामुळं गेलं ना पोरीचं?"

"नाय गो. भाव काय कोणाच्या हातात असतो?" वडील लगेच म्हणाले.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. भाव कसे चढतात नि पडतात, नि चढला होता तेव्हा कागद भिंतीला होता, हे तिला आता नीट कळत होतं, आणि वडील तिची समजूत घालताहेत हेही. मी फक्त "नाही" म्हणायचं होतं. मी रागात होते. मी खाली मान घालून भाकरी मोडत राहिले.