बापाची शपथ, लेकीची रांग

आमच्या घरात तीन अमेरिकन आहेत आणि एक आसगावची. आसगावची ती मी.

हे कसं झालं ते सरळच सांगते, कारण गावात याच्या चार कथा चालतात आणि चारही कथांत मी नापास झालेली असते. बाबा अमेरिकेत नोकरीवर एकटेच गेले होते. पुढे तिथं कायमचं राहायची परवानगी मिळून घरच्यांचे कागद हलले, तोवर मी एकवीस ओलांडलं होतं. तिकडच्या कायद्यात एकविशीपुढचं लेकरू हे लेकरू नसतं. आई गेली, शाळकरी भाऊ गेला, मी काकाजींकडे राहिले. काही वर्षांनी बाबांनी आणि आईनं हात वर करून नागरिकत्वाची शपथ घेतली. भाऊ अठराच्या आतला, म्हणून बापाच्या शपथेत तोही आपोआप अमेरिकन झाला. त्या वेळी तो घरी झोपला होता असं आई सांगते.

माझ्यापुढे म्हणे एक पर्याय होता. बाबांनी माझ्यासाठी अर्ज करायचा, मी रांगेत थांबायचं, नंबर लागला की जायचं, तिथं पाच वर्षं काढायची आणि मग माझी मी शपथ घ्यायची. अट एकच. मुलगी कुंवारी असेल तर रांग लांब, लग्न झालेली असेल तर त्याहून कितीतरी लांब.

बाबांनी अर्ज केला. मी पवनीच्या शाळेत विज्ञान शिकवत राहिले. मग तुमसरच्या राइस मिलांमधल्या मशिनी दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशी माझं साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडाच. मुलगा मीच पसंत केला होता. बाबांनी फोनवरून सगळं पाहिलं, दोघांना आशीर्वाद दिला आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "लग्न थोडं थांबव न. तुह्या भविष्याचं पाहून राहिलो मी."

"थोडं म्हणजे किती, बाबा?"

"नंबर लागेपर्यंत."

माझं डोकंच सणकलं. माझं भविष्य तुमसरला पाना घेऊन मशिनीखाली आडवं पडलं होतं आणि हे रांग मोजत होते! मी नाही म्हटलं. ते रोज फोन करत, रोज भविष्याचं सांगत, आणि मी रोज नाही म्हणत होते.

तोडगा काकाजींनी काढला. "नोंदणीच नाही कराची. अक्षता टाकू, गावाले जेवू घालू. इथं लग्न, तिथं कुंवारी. अमेरिकेले कोण सांगाले जाते?"

त्यांच्या दृष्टीनं यात खोटं काहीच नव्हतं. काकाजी-काकीच्या लग्नाची नोंद आजतागायत कुठंही नाही. आमच्याकडे लग्न मांडवात होतं, आणि पुरावा म्हणजे जेवून गेलेलं गाव. त्यामुळे गुपित राखायचं तर गावाला सांगायलाच हवं, हे काकाजींना ओघानंच सुचलं. त्यांनी चहाच्या टपरीवर, सोसायटीत आणि देवळात जाहीर केलं, "कोणी विचाराले आलं त सांगजा, पोरगी कुंवारी आहे."

गावानं मनावर घेतलं. आठवड्याभरात विजेचं मीटर बघणारा नवा माणूस आला आणि त्यानं टपरीवर आमचं घर विचारलं. तिथल्या पाच जणांनी एका सुरात सांगितलं, "त्या पोरीचं लग्न नाही झालं बरं, साहेब!" तो बिचारा आमच्या अंगणात आला तो मान खाली घालूनच. रीडिंग घेतलं आणि जाताना मला म्हणाला, "ताई, जमन तुमचंही."

त्या दुपारी मी काकाजींवर जी तडकले, ती टपरीपर्यंत ऐकू गेली. "गावात नवऱ्याची अन् कागदावर बिननवऱ्याची? उद्या लेकरू झालं त त्याले काय सांगू, तुही माय कुंवारी आहे म्हणून?"

"असं कायले बोलतेस वं!" काकी मधे पडली. काकाजी म्हणाले, "भल्याचा जमानाच नाही," आणि शेतावर निघून गेले.

मी बाबांना फोन लावला. लग्न होईल, नोंदणीही होईल, आणि तिकडे जे खरं आहे तेच कळवा, म्हटलं. रांग जाऊ द्या चुलीत. त्यांनी लग्नाची तारीख विचारली. मग "बरं" म्हणाले. पुन्हा भविष्याचं नाव काढलं नाही.

लग्नाला ते एकटेच आले. भावाची परीक्षा होती, त्यामुळे आईला येता आलं नाही. पंगतीत दोघांतिघांनी त्यांना विचारलं, तिकडे आपला तांदूळ मिळतो का. मिळतो म्हणाले, आणि स्वतः तीनदा भात घेतला.

पाठवणीच्या वेळी गाडीजवळ आम्ही दोघंच होतो. ते म्हणाले, "अर्ज मी मागं नाही घेत. राहू दे लांबच्या रांगेत. नंबर लागला की या दोघं."

मी शिक्षिका, तोंडी हिशेब केला. "बाबा, तवा तुम्ही ऐंशीच्या वर असान."

"हो न. म्हणून त घाई होती." ते गाडीच्या दाराकडे बघत बोलत होते. "भविष्य-बिविष्य काही नाही, बाई. पोरगा त्याच्या खोलीत, तुही माय तिच्या ड्यूटीवर. तू जवळ पाहिजे होतीस मले, बस."

"मंग हे काहून नाही सांगतलं? रोज फोन करत होते न!"

"सांगतलं असतं त तू माह्यासाठी थांबली असतीस."

"थांबलीच असती, बाबा."

"माहीत होतं मले," ते म्हणाले, आणि माझा शालू आत सारून त्यांनी दार लावलं.