पलंगाखालचा साग

आमच्या गल्लीतल्या सुताराइतका लोभी माणूस मी पाहिला नाही. आणि लोभ तरी कशाचा, तर स्वतःच्या शवपेटीचा! जन्मभर दुसऱ्यांच्या पेट्या ठोकल्या. स्वतःसाठी मात्र जुन्या सागाच्या फळ्या पलंगाखाली जपून ठेवलेल्या. रंधा मारून, तेल पाजून, आपल्याच मापाला कापून. सकाळी डोळे उघडले की आधी हात पलंगाखाली, मग प्रार्थना. बायको म्हणायची, "मला कधी इतकं कुरवाळलं असतंत तर!"

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब पृथ्वीवरच्या धनाला लागणाऱ्या कीड आणि गंज यांवर बोलू लागले की हा बाकावर बायकोच्या कानाला लागे, "सागाला कीड लागत नाही, सांग त्यांना." बाकीचे लोक मालमत्ता मागे ठेवून जातात; हा ती बरोबर न्यायच्या बेतात होता.

अलीकडे मात्र थकला होता. रंध्याचे चार हात मारले की बसायचा. गुडघे, खांदे, मन, सगळंच कुरकुरायचं. अशात समोरची इस्त्रीवाली गेली. तिच्या कोळशाच्या राखेवरून दोघांचं कायम वाजायचं. तिला पुढेमागे कोणी नव्हतं, म्हणून पाळकसाहेब दुपारी स्वतःच दुकानात आले. "संध्याकाळी दफन आहे. असेल ते लाकूड चालेल."

असेल ते म्हणजे मालाच्या खोक्यांची फळकुटं. त्यांवर काळ्या शाईत छापलेलं, 'हळू हाताळा'. सुतार रंधत बसला, पण शाई पार आत मुरलेली.

"मेल्यावरही भांडतेय बघ," तो धापा टाकत म्हणाला.

"उलटी लावा. अक्षरं आत जातील," बायको म्हणाली.

"म्हणजे ती वाचत पडेल?" त्याने रंधा खाली ठेवला. "लोकांच्या सुरकुत्या काढण्यात जन्म गेला तिचा. तिला खोक्यात भरून पाठवू?"

पलंगाकडे दोघांनीही पाहिलं नाही.

"धर ते टोक," शेवटी तो पलंगाखाली हात घालून खेकसला.

दान करणाऱ्याच्या चेहऱ्यावर तेज येतं म्हणतात. याच्या चेहऱ्यावर दाढदुखी होती.

पेटी झाली, समोरच्या खोलीत नेली, आणि इस्त्रीवाली तिच्यात मावेना! माप घ्यायला हा गेलाच नव्हता. जन्मभर तिला टेबलावर वाकलेलीच पाहिलेली; आपल्या मापात आरामात बसेल, असं धरून चालला. सरळ निजवल्यावर बाई याच्याहून चांगली वीतभर उंच निघाली.

पायाकडची बाजू काढून वाढवावी लागली, आणि ती खोक्याच्या फळकुटांनीच. अक्षरं बाहेर आली.

"असू दे," तो म्हणाला. आवाजात आता भांडण उरलं नव्हतं. "खरंच तर आहे."

पेटी उचलणाऱ्यांनी ते वाचलं. कोणी हसलं नाही. गल्लीतून ते इतक्या हळू चालले, की सुतारालाही दुखऱ्या गुडघ्यांनी मागोमाग जाता आलं.

दुसऱ्या सकाळी त्याचा हात सवयीने पलंगाखाली गेला. थंड फरशी लागली.

"काय शोधताय?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"मग प्रार्थना करा. आज लवकर सुरू होईल."

त्याने डोळे मिटले. हात मात्र बराच वेळ तसाच खाली लोंबत होता.