कारण मला माहीत आहे

आमच्या पेनांगच्या ऑफिसात ओंग सिऊ केंग दुसऱ्याचा कोड असा तपासतो, की स्वल्पविरामालासुद्धा घाम फुटावा. माझे अकरा बदल त्याने परत पाठवलेत. मी विसरलेलो नाही.

संगणकाच्या मेमरीचा एखादा तुकडा नासला, तर तो बाजूला काढून बाकीचं काम चालू ठेवायचं, हा ओंगचा प्रांत. त्यात आमच्या सुराबायाच्या ऑफिसात नव्याने आलेल्या रत्नावतीने कोडची साफसफाई सुचवली. तुकडा आधीच नासका ठरलाय का, हे कोड विचारत होता आणि लगेच तेच पुन्हा विचारत होता. मध्ये कुलूप लागलेलं, म्हणजे तेवढ्यात दुसऱ्या कुणाला त्या तुकड्याला हात लावता येत नाही, मग उत्तर बदलणार कसं? दुसऱ्यांदा विचारणाऱ्या तीन ओळी तिने काढल्या. पण त्यांच्यावर टीप होती, 'हे काढू नये. कारण मला माहीत आहे. – ओंग.'

आता ओंगलाच कारण आठवेना. होकार द्यावा तर अब्रू जाते, नकार द्यावा तर कारण सांगावं लागतं. रत्नावतीचा हा पहिलाच बदल, ओंगच्या होकारावाचून अडलेला. तीन आठवडे तो तिला 'विचार चालू आहे' कळवत होता. मुद्दाम मेमरी बिघडवून त्याने चाळीसदा पाहिलं. दुसरं उत्तर दरवेळी पहिल्यासारखंच.

शेवटी दुपारी कॉफीच्या दुकानात नूडल्स खाता खाता मी विषय काढलाच. त्याची बायको हुई चिनही होती.

"अंकल, लिहिलंत कधी ते तरी बघा."

"सोळा वर्षं झाली. सतरा मार्च," तो फोनवर बघून गुरगुरला.

हुई चिनने काड्या खाली ठेवल्या. "तारीख परत वाच."

"सतरा मार्च. का?"

"लेकीचा वाढदिवस आहे, शहाण्या. हॉस्पिटलात माझ्या उशाशी लॅपटॉप घेऊन बसला होतास. नर्सला विचारायचास, बाळ श्वास घेतंय ना? ती हो म्हणाली की लगेच परत तेच. वैतागून तिने तुला बाहेर काढलं."

मी पोट धरून हसलो. ओंग नूडल्स ढवळत राहिला. त्याचे कान लाल झाले होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तो माणूस आवडला.

ऑफिसात परतल्यावर त्याने रत्नावतीला लिहिलं, 'तपासलं. बदल योग्य आहे. ओळी काढाव्यात. कारण सापडलं. ते आता सोळा वर्षांचं आहे आणि नीट श्वास घेतं.'

मग त्याने लेकीला फोन लावला.

"जेवलीस का?"

ती काहीतरी म्हणाली.

"बरं," ओंग म्हणाला. "जेवलीस ना?"