तिसऱ्या कॅसेटवरची झांज

चहा आणायला खाली गेलो होतो, तेवढ्यात ती गेली. वर आलो तर नर्सबाई दारात उभी. दोन दिवस ती मला 'आजोबा, बाजूला व्हा' म्हणत होती, आणि त्या सकाळी मला बघून तीच बाजूला झाली. तेव्हाच कळलं. थर्मासातला चहा मी प्यायलो. ओतून टाकून काय करणार होतो… दोघांचा होता, दोघांचा प्यायलो.

याला महिना होऊन गेला. मधे पेपरात चार ओळी आल्या. 'मतलई' या वाद्यवृंदाच्या संस्थापकांची भगिनी आणि मृदंगवादकांची पत्नी यांचे निधन. वाचून डोकं फिरलं. मृदंगवादक म्हणजे मी. खोटं काही नाही त्यात, पण अर्धं आहे. याची बहीण, त्याची बायको. ती स्वतः कोण होती ते छापायला जागा पुरली नसावी. मी चौथी शिकलेला माणूस, आंब्याची खोकी ठोकण्यात जन्म गेला. लिहायची सवय नाही. पण बँडातले आता तिघंच उरलो. विसू बोलायला लागला की रडतो, साळवी बोलायला लागला की इंग्रजीत शिरतो. म्हणून मी लिहितो.

तिचं नाव शेवंती. हयातीत मी ते फारसं घेतलं नाही, 'गो' म्हटलं की ती बघायची. माहेर भाट्याचं, खाडीपलीकडचं. विश्राम हा तिचा धाकटा भाऊ, त्यालाच सगळे विसू म्हणतात. मालवाहू बोटीवर खलाशी होता. ऐंशीच्या आसपास त्यांची आई गेली, तेव्हा हा कुठल्याशा समुद्रात. निरोप पोचून, बोट बंदराला लागून, घरी येईपर्यंत सगळं होऊन गेलेलं. आला आणि आमच्या पडवीत बसला. जेवला नाही. म्हणाला, "आक्का, आता हय येऊन कनाला? कोण हाय?"

ही म्हणाली, "मी मेले काय?"

 त्या दिवसापासून हिने एकच धरलं, विसू वर्षातून एकदा तरी घरी आला पाहिजे. ज्यांचं मन घरातून उठलं ते खलाशी परत येत नाहीत, हे खाडीकाठच्या पोरीला सांगावं लागत नाही. कोण कुठल्या बंदरात राहिला, कोणाचे नुसते फोटो येतात, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. आमचा बँड म्हणजे लोकांच्या लेखी संगीत. तिच्या लेखी भावाला घरी ओढून आणायचा दोर. मी तेव्हाही हे ओळखून होतो, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या गणपतीला विसू आला तो सॅक्सोफोन घेऊन. वाकडी पितळी पिपाणी, पेटीत मखमलीवर झोपवलेली. सोबत जॅझच्या कॅसेटी. पहिली लावली तेव्हा मला वाटलं पाच माणसं पाच गावांत बसून वाजवतायत. मी तसं म्हटलं. विसू हसला आणि म्हणाला, "भावोजी, असं बघा. एकाने चाल धरायची. बाकीच्यांनी तिच्या अंगणात वाटेल तसं हुंदडायचं. पण जेवायच्या वेळेला सगळ्यांनी घरात." ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग भजनासारखंच की. बुवा कुठेपण जाऊ दे, समेला आला म्हणजे झालं." त्यानंतर मला जॅझ कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

मी शिमग्यातल्या नमनाच्या खेळात मृदंग वाजवायचो. पेटीला शाळेतले गुरव मास्तर. साळवी हा बँकेतला कारकून, मुंबईहून बदलून आलेला, त्याच्याकडे बेस गिटार. झांजेला भजनातला सखा. आणि विसू. नाव विसूनेच दिलं, मतलई. दिवसभर समुद्रावरून खारा वारा येतो आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई. तो म्हणाला, आपलं संगीत असं, इकडून तिकडे जाणारं. हिला नाव आवडलं नाही. "जाणाऱ्या वाऱ्याचं नाव कशाला ठेवतात," मला एकट्याला म्हणाली.

मोठ्या बँडांत म्हणे भांडणं होऊन माणसं बदलतात. आमच्यात रजेवरून बदलायची. गणपती आणि शिमगा, या दोन सणांत ज्याला रजा मिळाली तो बँडात. ज्याला साहेबाने नाही म्हटलं त्याच्या जागी जो गावेल तो. त्यामुळे तिन्ही कॅसेटींवर माणसं वेगळी आहेत. साळवीचे मित्र याला मोठा प्रयोग म्हणायचे. प्रयोग कसला, रजेचा अर्ज नामंजूर.

पहिली कॅसेट 'मतलई', गणपतीतली. आमच्या खोक्यांच्या गोदामात केली. पावसाळ्यात गोदाम रिकामं असतं, आवाज घुमतो, म्हणून भिंतींना आंब्याच्या पेंढ्याच्या गोण्या टांगल्या. स्पीकर भाड्याने देणारा अनंता त्याचं रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन आला. आता आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. एकाने देवाला मागणं सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला हुंकार द्यायचा. मास्तर उभे राहिले, म्हणाले, "बा देवा म्हाराजा," आणि आम्ही सगळे बोंबललो, "व्हय म्हाराजा." अनंताचं बटण आधीच दाबलेलं. शेवटच्या 'म्हाराजा'वरच मी मृदंगावर थाप टाकली, त्यामुळे ते पुसायचं तर पहिली चालही पुसली जाणार. विसू चिडला. "अनंता, परदेशात ही कॅसेट कोणाला दाखवू मी?" अनंता म्हणाला, "देवाचं पुसायला मला सांगू नको. तूच पूस." कोणी पुसलं नाही. आणि गंमत बघा, मुंबईच्या आमच्या चाकरमान्यांना सगळ्यात आवडलं ते गाऱ्हाणंच. तिथून पुढे आमच्या प्रत्येक कॅसेटीची सुरुवात तशीच. बाकी ती कॅसेट कच्ची आहे. पत्र्यावरचा पाऊस ऐकू येतो आणि साळवी घाबरल्यासारखा वाजवतो. तिसरी चाल तेवढी नंबर एक.

दुसरी 'भरती', दोनेक वर्षांनी शिमग्यात. मास्तर निवृत्त होऊन मुलाकडे गेलेले, त्यांच्या जागी लग्नाच्या बँडातला दत्ता ट्रम्पेट घेऊन आला. सखाला मुंबईत कारखान्यात काम लागलं, रजा नाही. झांजेला माणूस मिळेना. ही चहा घेऊन आली, ट्रे खाली ठेवला, झांज उचलली आणि बसली. शेजारच्या काकी दारातून म्हणाल्या, "बाईमाणूस पुरुषांत बसून झांज वाजवणार?" ही म्हणाली, "आरतीला वाजवते तेव्हा तुमची कुठे हरकत असते, काकी? हय बसा, चहा घ्या." काकी बसल्या आणि पुढे रोज येऊन बसायच्या.

त्या कॅसेटीबद्दल मी स्पष्ट सांगतो, ती लोकांना आवडली पण ती आमची वाईट कॅसेट आहे. विसू आणि दत्ता, एका खुराड्यात दोन कोंबडे. एकाने फुंकलं की दुसऱ्याने त्याच्यावर. मी पण त्यांच्या नादाने हात सोडले. पूर्ण कॅसेटीत शांत आणि जागेवर असं कोण असेल तर ती झांज. आज ऐका म्हणजे कळेल. आम्ही सगळे धावत सुटलोय आणि ती एकटी ओट्यावर बसल्यासारखी आम्हाला बघतेय. ते रेकॉर्डिंग संपल्यावर विसू दोन दिवस जास्त राहिला. तिने त्याला उकड्या तांदळाचा भात घातला, तिसऱ्यांदा वाढलं तेव्हा तो म्हणाला, "आक्का, बोटीत मावणार नाय मी." ती खूश होती.

मग तो दोन वर्षं आला नाही. मिऱ्याचा एक खलाशी निरोप घेऊन आला. विसूने कंपनी बदलली, तिकडच्याच एका बंदरात खोली घेतली, यंदा शिमग्याला जमणार नाही. पुढचं बघू. ही मासे साफ करत होती. हात थांबवले नाहीत. निरोप्या गेल्यावर म्हणाली, "पुढचं बघू म्हणजे नाय."

आणि संध्याकाळी मला म्हणाली, "अहो, साळवींना कळवा. कॅसेट करायची."

साळवीची बदली लांज्याला झालेली. एस्टीने आला, गिटार मांडीवर घेऊन. दत्ताला लग्नांच्या तारखा, तो नाही. म्हणजे राहिलो किती, तर मी, साळवी आणि ही. साळवी म्हणाला, "वहिनी, सॅक्सोफोन नाही तर मतलई कसली? त्याच्या चाली त्याच्याशिवाय वाजवायच्या कशा?"

"त्याचं पान मांडून ठेवायचं," ती म्हणाली.

आम्हाला कळलं नाही. तिने समजावलं. चाल नेहमीसारखी सुरू करायची. विसूची पाळी आली की तुम्ही दोघांनी थांबायचं. त्याची जागा तशीच ठेवायची. साळवीने विचारलं, "मधे काहीच नाही?" ती म्हणाली, "मी ठेका धरते ना. त्याला परत यायला ठेका तरी हवा." मी विचारलं, किती वेळ थांबायचं. तर म्हणाली, "विसूचा दम पुरेल तेवढा." तो दम तुला काय ठाऊक, असं मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं. लहानपणी विसू खाडीत बुडी मारायचा आणि ही काठावर जीव मुठीत धरून बसायची. तो वर येईपर्यंत ही पण श्वास घ्यायची नाही. त्याचा दम तिच्या छातीत होता.

शिमग्याचे दिवस, हंगामाची खोकी छपरापर्यंत रचलेली. त्या लाकडाने आवाज असा कोरडा आणि स्वच्छ आला की पेंढा लावायची गरज पडली नाही. अनंताने बटण दाबलं. आता गाऱ्हाणं कोण घालणार? मास्तर नाहीत. साळवीला येत नाही. माझी माईकसमोर दातखीळ बसते. बाईने गाऱ्हाणं घालायची आमच्यात रीत नाही. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "बा देवा म्हाराजा. हय जमलेत ते तुझेच, आणि जो नाय जमला तो पण तुझाच. तो दर्यावर हाय. त्याच्या पायाला घरची वाट गावू दे रे म्हाराजा." मी, साळवी आणि अनंता, आम्ही तिघं म्हणालो, "व्हय म्हाराजा." तीनच आवाज, पहिल्या कॅसेटीसारखा दणका नाही. पण मी आयुष्यात तेवढ्या मनापासून कधी म्हटलं नव्हतं.

नाव काय ठेवायचं? साळवी म्हणाला, 'ओहोटी' ठेवू. ती त्याच्यावर डाफरली. "परत ये म्हणून सांगतोय ना आपण? मग 'दुसरी भरती' ठेवा." ठेवलं. लोकांना वाटलं जुनीच कॅसेट परत काढली, कोणी हात लावला नाही. तिला त्याचं काही नव्हतं. तिला एकच गिऱ्हाईक हवं होतं. मिऱ्याच्या त्या खलाशाच्या हातात तिने स्वतः नेऊन कॅसेट दिली, काजूच्या पुडीत घालून, म्हणजे तो विसरला तरी काजू मागायच्या निमित्ताने विसू विचारील.

तिन्हींत हीच कॅसेट चांगली. याच्यावर मी कोणाशी वाद घालत नाही. तीन माणसं, चौथा न आलेला, आणि तरी सगळ्यात भरलेली.

त्या गणपतीला, मूर्ती आणायच्या आदल्या दिवशी, विसू पडवीत उभा. खांद्यावर पिपाणीची पेटी. वाळला होता. ही आतून आली. तोच म्हणाला, "पान मांडलंस तर जेवायला येऊ नको काय, आक्का?" ती म्हणाली, "पाय धू आधी." त्या दुपारी आम्ही टेप लावला. त्याची जागा आली तसा तो त्या मोकळ्यात घुसला आणि वाजवत राहिला, आणि जिथे त्याचा दम संपला तिथेच, अगदी तिथेच, कॅसेटीतला माझा मृदंग उठला. साळवीने माझ्याकडे बघितलं. मी हिच्याकडे. ती ओटीवर नारळ सोलत बसलेली. तिच्या दृष्टीने यात बघण्यासारखं काही नव्हतं.

विसू परत गेला, पण कंपनीतलं नाव कापून, नोकरी सोडून यायला गेला. वर्षभरात आला आणि इथल्या बंदरात लाँचीवर लागला. घर भाट्यालाच. चौथी कॅसेट आम्ही काढली नाही. लोक विचारायचे, बँड बंद का पडला? मी सांगायचो, काम झालं.

आता विसू पण म्हातारा. बाराव्यानंतर तो रोज संध्याकाळी येतो. टेप अजून चालतो, त्याचा पट्टा मी बदलून घेतलाय. आम्ही तिसरीच लावतो. पहिल्यांदा तिचा आवाज येतो, जो नाय जमला तो पण तुझाच… त्याच्या पायाला घरची वाट गावू दे रे म्हाराजा. मी म्हणतो, व्हय म्हाराजा. विसू माझ्यामागून म्हणतो. आधी आम्हाला वाटायचं, हे गाऱ्हाणं त्याच्यासाठी होतं. आता न जमलेली ती आहे.

मग चाल सुरू होते. त्याची जागा आली की तो पिपाणी तोंडाला लावतो. पूर्वीचा दम राहिलेला नाही, छातीत घरघर असते. तो अर्ध्यात थांबतो. झांज थांबत नाही.